प्रोग्रामचं हक्कसोडपत्र

आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या नावानं पडद्यावर झळकलं तर भल्या माणसानं काय करावं, याबद्दल शिक्षक-प्रशिक्षणाच्या एकाही पुस्तकात मार्गदर्शन नाही. मी शोधलं आहे. त्यामुळे जे सुचलं ते केलं, आणि ते करताना माझी जी काही शोभा झाली ती बारामतीपासून इंदापूरपर्यंत, मधल्या थांब्यांसकट झाली.

सत्त्याण्णव सालचा मार्च होता. एमआयडीसीच्या रस्त्याला एका सभागृहात ‘संगणकावर निकालपत्रक’ या विषयावर आम्हा शिक्षकांसाठी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. देणारा विकी. वय चोवीस, ‘विकी कॉम्प्युटर्स’ या दीड खोलीच्या क्लासचा मालक. मी दुसऱ्या रांगेत होतो. विकीनं कळ दाबली, निळा पडदा आला, पडद्यावर दुहेरी रेघांची चौकट आली, चौकटीत ‘निकाल’ असं नाव आलं आणि त्याखाली ‘निर्माता : विकी कॉम्प्युटर्स, बारामती’. निळा रंग माझा होता. दुहेरी रेघ माझी होती. त्या जागी पूर्वी ‘सिद्धार्थ लोंढे, बी.ए., बी.एड.’ असं असायचं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत असताना हात मांडीवर ठेवून बसणं मला जमत नाही, हा माझा जुना दोष आहे.

आता ‘माझा’ हा शब्द मी फार पटकन वापरतो, हे मला पुढे कळायचं होतं. म्हणून ‘निकाल’ कसा झाला ते आधी सांगतो.

आमच्या शाळेत त्र्याण्णव साली कॉम्प्युटर आला. त्याला स्वतंत्र खोली, खिडक्यांना पडदे, दाराशी पायपुसणं आणि ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी. असा मान आमच्या शाळेत शिक्षणाधिकाऱ्यांनाही मिळालेला नाही. बाकीचे शिक्षक त्याच्याकडे लांबूनच बघायचे. जवळ जायची हिंमत दोघांचीच : भूगोलाचा मी आणि गणिताच्या करुणा ओव्हाळ मॅडम. दर एप्रिलला सगळ्या वर्गांचे गुण, टक्के, क्रमांक हातानं काढताना आमच्या बोटांची वाट लागायची, म्हणून आम्ही ठरवलं की हे यंत्राकडून करून घ्यायचं. दोन वर्षं, रोज शाळा सुटल्यावर, शिपाई किल्ल्या वाजवेपर्यंत आम्ही एका पडद्यासमोर दोन खुर्च्यांवर बसलो. बाहेर दारात माझी आणि तिची चप्पल शेजारी शेजारी असायची. खरं सांगतो, प्रोग्राम चालला त्या दिवशीसुद्धा मला एवढा आनंद झाला नाही, जेवढा रोज त्या दोन जोड्या बघून व्हायचा.

भांडणंही झाली. दोन मुलांना सारखे गुण पडले तर पहिला कोण? मी म्हणालो, आडनावाच्या क्रमानं लावू. ती म्हणाली, “लोंढे सर, आडनाव बघून नंबर द्यायचा असंल तर परीक्षा कशाला घेता?” तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, चौथ्या दिवशी तिनं तो भाग स्वतः लिहिला. दोघांचाही पहिला, पुढचा थेट तिसरा. प्रोग्राम लिहिताना आपल्यासाठी मध्ये मध्ये टिपा लिहून ठेवता येतात, त्या कॉम्प्युटर वाचत नाही. तिनं तिथं इंग्रजी अक्षरांत मराठी टीप घातली : ‘इथे लोंढे सर चुकले होते. सुधारले.’ अशा टिपा प्रोग्रामभर चौदा आहेत. मी एकही पुसली नाही.

शहाण्णवच्या जूनमध्ये संस्थेनं तिची बदली इंदापूरला केली. तिचं गावच ते. इंदापूर काही लंडन नव्हे, यष्टीनं दीड तास. पण वर्षभरात मी एकदाही गेलो नाही, कारण जायला कारण नव्हतं. आठवण येते हे आमच्याकडे कारण धरत नाहीत. दारात उभं राहिल्यावर “काय सर, इकडं कुठं?” असं कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी काम लागतं. मी रोज काम शोधत होतो आणि मला सापडत नव्हतं. मी पस्तिशीचा, ती एकतिशीची, दोघांचा समाज एक, आई रोज विषय काढणारी. अडचण अशी एकच होती, ती म्हणजे मी.

तर प्रात्यक्षिक संपल्यावर मी विकीला गाठलं. आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हणालो, “विकी, हा प्रोग्राम कुणाचा?”

“तुमचाच की सर!” तो मोकळेपणानं म्हणाला. “मी नुसता पोचवतोय. तुमी चार शाळांना दिला, मी अकरा शाळांना दिला. लोकं विचारत्यात बिघडला तर कुणाकडं जायचं, म्हणून माझं नाव टाकलं. तुमच्याकडं आली असती तर आवडलं असतं का?”

“पण चोरी ती चोरीच!”

“सर,” विकीनं आवाज माझ्यापेक्षा खाली नेला, “ज्या पॅकेजात तुमी ह्यो लिहिला, ते पॅकेज कुठनं आणलं हुतं?”

ते पॅकेज, म्हणजे ज्यात प्रोग्राम लिहितात ते विकतचं सॉफ्टवेअर, मी त्याच्याच क्लासमधून दोन फ्लॉप्यांवर फुकट भरून आणलं होतं. पॅकेजची कंपनी अमेरिकेतली. मी तिला पत्र पाठवून विचारलं नव्हतं. मी चष्मा पुसला आणि घरी आलो.

घरी आईला, म्हणजे तानूबाईंना, सगळं सांगितलं. ती ताकाला रवी लावून बसली होती. “म्हंजे त्यानं तुझा नेला, आन् तुज्याकडचा गेला न्हाय?”

“न्हाय. माझा माझ्याकडं हायेच.”

“मग इरजणावानी झालं की. शेजारीण वाटी घेऊन आली तर इरजण द्यायचं असतंय. आपलं दही काय कमी हुतंय व्हय?”

“आई, ती शेजारीण त्या दह्याचं दुकान टाकून वर स्वतःची पाटी लावती!”

आईनं रवी थांबवून विचार केला. “मग ती भवानीच हाय,” ती म्हणाली. कायद्याचं इतकं सुटसुटीत विवेचन मला पुढे कुठल्याही वकिलाकडून ऐकायला मिळालं नाही.

हे सगळं भिंतीपलीकडून रामहरी तात्यांनी ऐकलं. तात्या निवृत्त तलाठी. तीस वर्षं त्यांनी सातबारे लिहिले, त्यामुळे जगात जे काही आहे त्याची कुठंतरी नोंद असते आणि ज्याची नोंद नाही ते नाहीच, असं त्यांचं मत. ते लेंग्याची नाडी बांधत बांधतच आले. “लोंढे सर, नोंद घातलीय का?”

“कशाची?”

“प्रोग्रामची. नोंद नसंल तर तुमी कब्जेदार न्हाय. उद्या त्यानं पीकपाहणी लावली तर वहिवाट त्याची हुती.” मी म्हणालो की प्रोग्रामला पीक नसतं. तात्या हसले. “अकरा शाळांत निकाल लागतोय न्हवं? मग पीक आणि कसलं असतंय? तुमी बादशाह वकिलाकडं जावा. बांधाच्या भांडणात त्याचा हात धरणारा न्हाय.”

अ‍ॅडव्होकेट बादशाह शेख यांचं कार्यालय कोर्टाच्या मागं. माणूस अत्यंत सज्जन. त्यांनी आधी चहा सांगितला, मग कोरा कागद घेतला आणि म्हणाले, “चतुःसीमा सांगा.”

“साहेब, प्रोग्रामला सीमा नसते.”

“सीमा नसती अशी वस्तू जगात न्हाय सर. कुठं सुरू हुतो, कुठं संपतो?”

“पहिल्या ओळीला सुरू होतो, अकराशे चाळिसाव्या ओळीला संपतो.”

“मग झालं की! पूर्व-पश्चिम झाली.” त्यांनी समाधानानं लिहून घेतलं. आठ दिवसांनी त्यांनी पुण्याहून कायद्याचं नवीन पुस्तक मागवून वाचलंही. दोन-तीन वर्षांपूर्वी कायद्यात सुधारणा झाली असून कॉम्प्युटरचा प्रोग्राम कथा-कवितेसारखाच ‘साहित्य’ धरला जातो, असं त्यांनी मला सांगितलं. मी साहित्यिक आहे हे कळल्यावर माझा ताठा सहज इंचभर वाढला. पुस्तकाची ती पानं त्यांनी मला झेरॉक्स करून दिली. पहिल्याच पानावर ‘या पुस्तकाचा कोणताही भाग झेरॉक्स करण्यास मनाई आहे’ असं छापलेलं होतं, तेही झेरॉक्समध्ये स्वच्छ आलं होतं.

पुराव्यासाठी आम्ही विकीची एक फ्लॉपी मिळवली. त्यानं वरचं नाव बदललं होतं, पण आतल्या टिपा बघितल्याच नव्हत्या. चौदाच्या चौदा जागच्या जागी होत्या. वकीलसाहेब उभे राहिले. “सर, ह्यापेक्षा पक्का पुरावा आयुष्यात बघितला न्हाय! तुमी चौदा ठिकाणी चुकलाय, हे आपुन भर कोर्टात सिद्ध करू!” माझा वाढलेला इंच तिथंच उतरला.

मग अर्ज. अर्ज दिल्लीला जाणार होता आणि त्याआधी शाळेची ना-हरकत हवी होती, कारण प्रोग्राम शाळेच्या यंत्रावर लिहिलेला. मुख्याध्यापकांनी प्रकरण संस्थेकडे पाठवलं. संस्थेनं विचारलं, सदर वस्तू जडवस्तू नोंदवहीत कोणत्या क्रमांकाला आहे आणि सध्या कोणत्या कपाटात ठेवली आहे? आम्ही कळवलं, ती नोंदवहीत नाही आणि कपाटातही ठेवता येत नाही. दीड महिन्यानं उत्तर आलं : ‘अशी कोणतीही वस्तू संस्थेच्या मालकीची नसल्याने ती कोणीही घेऊन जाण्यास हरकत नाही.’ शिक्का, सही, जावक क्रमांक. कचेरीच्या उत्तरानं माणूस इतका सुखावल्याचं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

शेवटी वकिलांनी अर्जावर पेन टेकवलं. “लेखकाचं नाव?”

“मी.”

“एकट्यानं लिहिला?”

आता इथं ‘हो’ म्हणणं अगदी सोपं होतं. पण टेबलावर त्या चौदा टिपा पसरलेल्या होत्या आणि त्या आपणच लिहिल्यात असं कुठला माणूस म्हणेल? मी म्हणालो, “करुणा मॅडमनी निम्मा लिहिला.”

“मग सामाईक मिळकत,” वकीलसाहेबांचा चेहरा पडला. “सर, सामाईक म्हंजे भांडणाचं मूळ. त्यांच्याकडनं हक्कसोडपत्र घ्या, एकाच्या नावावर करा. फॉर्मॅट तयार हाय आपल्याकडं, फक्त नावं बदलायची.”

“म्हंजे मला इंदापूरला जावं लागंल?”

“समक्ष. सही समोर झाली पायजे.”

मला काम सापडलं होतं. खरं सांगायचं तर त्या कागदात काय असणार आहे याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. रविवारी कुठला शर्ट घालायचा एवढाच विचार आला. सहीपूर्वी वाचावं असं मी मुलांना बारा वर्षं सांगत आलो होतो. टायपिस्टकडून स्टॅम्पपेपर आला, मी प्रत्येक पानावर न वाचता सही ठोकली आणि पहिली यष्टी पकडली. आईनं डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या दिल्या आणि म्हणाली, “कागदाचं आधी बोलू नगंस.”

इंदापूरला तिचं घर लगेच सापडलं. अंगणात बाजेवर तिचे वडील, श्रीपती आबा, पेपर वाचत होते. “या सर. इकडं कुठं?”

“काम होतं,” मी म्हणालो, आणि वर्षभर जपून ठेवल्यासारखं ते वाक्य तोंडातून इतकं खणखणीत आलं की आबांनी पेपर खाली ठेवला.

करुणा बाहेर आली. तिला चष्मा लागला होता. मला ते माहीत नव्हतं, आणि एवढी साधी गोष्ट आपल्याला माहीत नाही याचं मला फार वाईट वाटलं. तिनं चहा केला, शाळेतली सगळ्यांची चौकशी केली, कॉम्प्युटरच्या खोलीत आता कोण बसतं ते विचारलं. मी सांगितलं, मीच. एकटाच.  आईचं ऐकून मी तिथंच पुढचं बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी विकीचं आणि कचेऱ्यांचं सगळं सांगितलं आणि पिशवीतून कागद काढला.

ती मोठ्यानं वाचायला लागली. “लिहून घेणार, सिद्धार्थ तुकाराम लोंढे. लिहून देणार, करुणा श्रीपती ओव्हाळ. कारणे हक्कसोडपत्र लिहून देते ऐसे की, तुम्ही माझे सख्खे भाऊ असून…”

ती थांबली. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मुलीकडे, आणि मनात कसला तरी जुना हिशोब करून बघितल्यासारखे दिसले.

“…माझे लग्न तुम्ही स्वखर्चाने करून दिले असून यापुढेही माझे माहेरपण व साडीचोळी कराल अशी खात्री असल्याने, बंधुप्रेमापोटी, ‘निकाल’ या वडिलोपार्जित मिळकतीवरील माझा हक्क मी कायमचा सोडून देत आहे. सदर मिळकतीच्या दक्षिणेस ओढा आहे.”

आमच्या भागात लग्न झालेल्या बहिणी भावाला जमिनीचा हिस्सा असा सोडून देतात. बादशाह वकिलांच्या कार्यालयात हक्क सोडणारी बाई बहीणच असते, दुसरी कुणी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. टायपिस्टनं नावं बदलली होती, ओढा राहून गेला होता, नातंही. आधी ती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मी पण हसलो, आबाही हसले. मग तिनं चष्मा काढून पुसला आणि ती हसायची थांबली.

“सर, ओढ्याचं जाऊ द्या. बाकीचं खरं हाय का? माझं नाव काढायचं हाय?”

“वकील म्हणाले, सामाईक नको…”

“विकीनं तुमचं नाव काढलं म्हणून तुमी तीन महिने कचेऱ्या पालथ्या घातल्या. आन् माझं काढायला तुमी स्वतः यष्टीनं आलात. त्या पोरानं निदान मला सही तरी मागितली न्हवती.”

 मुसळ कुणाच्या डोळ्यात होतं ते मला पहिल्यांदा दिसलं. आणि त्या पडद्यावर ‘सिद्धार्थ लोंढे, बी.ए., बी.एड.’ असायचं तेव्हाही खाली तिचं नाव कधीच नव्हतं, हेही तिथंच आठवलं. तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी तरी कधी विचारलं?

“मी चुकलो,” मी म्हणालो.

“लिहून ठेवते,” ती म्हणाली. “सवय हाय मला.”

मग तिनं शाळेच्या वहीचा कोरा कागद घेतला आणि वळणदार अक्षरात स्वतःच लिहायला लागली. ‘निकाल हा प्रोग्राम आम्ही दोघांनी मिळून लिहिला. कुणाचा किती असे वेगळे करता येत नाही. तो शाळांनी खुशाल वापरावा, दोघांची नावे ठेवावीत. श्री. सिद्धार्थ लोंढे हे माझे…’

पेन थांबलं. ती वर बघायला तयार नव्हती. “भाऊ तर न्हाय,” ती म्हणाली. “मग हितं काय लिहू?”

आबांनी पेपर पुन्हा उचलला आणि तोंडासमोर धरला. उलटा होता. गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार वेशीपर्यंत ऐकू येत राहिला, इतका वेळ मला मिळाला होता. माझ्याकडे शब्द होता. चार वर्षं होता. तो सोपा होता, जेमतेम तीन अक्षरांचा, आणि तो म्हणायला दुसऱ्या कुणाच्या सहीची गरज नव्हती.

“सहलेखक,” मी म्हणालो.

तिनं क्षणभर कागदाकडे बघितलं. मग लिहिलं. “शुद्धलेखन बगा,” म्हणून कागद माझ्याकडे दिला. शुद्धलेखन बरोबर होतं.

बारामतीत उतरलो तर आई दारातच. “काय म्हणली?”

“सही दिली.”

“आन् तू काय म्हणलास?” मी डबा तिच्या हातात दिला. पोळ्या तशाच होत्या. द्यायच्या राहूनच गेल्या होत्या. आईनं डबा उघडून बघितला, झाकण लावलं आणि आत नेला.

अर्ज दोन नावांनी दिल्लीला गेला. विकीला कुणकुण लागली आणि वकिलांची नोटीस जायच्या आधीच त्यानं पडद्यावर तिघांची नावं टाकली. तिसरं त्याचं, ‘वितरक’ म्हणून. मी ते तसंच राहू दिलं. त्याच्या पॅकेजचे उपकार होतेच.

अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये करुणाचं लग्न झालं. नवरा सोलापूरला बँकेत. पत्रिका आली, मी गेलो, बुद्धवंदनेला मागच्या रांगेत उभा राहिलो आणि पंगतीत भात वाढला. सगळे वाढत असताना बसून राहणं मला जमत नाही.

ऑगस्टमध्ये दिल्लीहून प्रमाणपत्र आलं. जाड कागद, वर सिंहाची मुद्रा, लेखकांच्या रकान्यात दोन नावं एकाखाली एक : सिद्धार्थ तुकाराम लोंढे. कुमारी करुणा श्रीपती ओव्हाळ. बादशाह वकिलांनी पेढे मागवले. रामहरी तात्याही आले होते, त्यांना नोंद डोळ्यांनी बघायची होती.

“पण वकीलसाहेब,” तात्यांनी विचारलं, “ह्ये दोघांचं खातं किती साल टिकतंय?”

वकिलांनी पुस्तक काढलं, बोट फिरवत कलम शोधलं आणि आम्हाला कळेल अशा मराठीत सांगितलं : दोघांनी मिळून लिहिलेलं असेल तर तो हक्क दोघांच्या हयातीत राहतो. एक आधी गेला तरी तो तुटत नाही. आणि दोघांपैकी जो मागं राहील, तो गेल्यानंतरही पुढं साठ वर्षं राहतो.

तात्या म्हणाले, “लईच की.”

मी पेढा खाली ठेवला.

“वकीलसाहेब,” मी म्हणालो, “तेवढं जरा पुन्हा वाचता का?”